हिरवी राहिलेली अंबाडी

५ जाने., सोम.
आमची पोरगी प्रणाली सातव्या महिन्यात माहेरी आली. दवाखान्यात रक्त ७.४ भरलं. सिस्टर म्हणाली, रोज लाल गोळी, लिंबूपाण्यासोबत, चहासोबत नाही. पंपाच्या जळक्या मोटारी बांधायला मला कोणी शिकवलं नाही, दुकान टाकून शिकलो; हेही शिकीन. चामोर्शीच्या बाजारातून लोखंडी कढई आणली. अंबाडी त्यातच शिजवायची.

१४ जाने., बुध.
पायरी चढताना पोरीला धाप लागते. पापणी ओढून पाहिली. आत लाली नाही. मावसबहीण अशीच बाळंतपणात, गडचिरोलीच्या वाटेवर... नको.

२ फेब्रु., सोम.
रक्त ७.१. उतरलं! सिस्टरनं विचारलं, गोळ्या खाते ना? मी छाती ठोकून हो म्हटलं.

३ फेब्रु., मंगळ.
दुपारी अवचित घरी गेलो. प्रणालीच्या ताटात अंबाडी हिरवीगार. लोखंडात आंबट भाजी काळी पडते, पहिल्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं होतं. चुलीवर अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, जर्मलचा गंज. कढई टोपल्याखाली झाकलेली.

बायकोनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, शेजारच्या शांताबाई सांगतात, काळं खाल्लं का लेकरू काळं होते. गोळीनं तर संडासही काळी होते. प्रणालीच्या सासूनं घुग्घुसहून निघतानाच बजावलेलं, आमच्या घरी सगळे गोरे. म्हणून गोळ्या रोज परसात, वांग्याच्या आळ्यात टाकायच्या.

म्हटलं, "मी काळा. तरी लगन केलंच ना माह्यासंगं?"
"त्या दिवशी मांडवातली लाइन गेली होती," बायको म्हणाली.
प्रणाली हसली नाही. "बाबा, पोरगी झाली अन् काळी झाली, त मले ठेवतीन का ते?"
मी टोपलं उचलून कढई बाहेर काढली. घासायला घेतली.

५ फेब्रु., गुरु.
डॉक्टरला खरं सांगितलं. रागावले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. सोमवारी पुन्हा रक्त पाहू, मग सलाईनमधून लोह द्यायचं का ते ठरवू, म्हणाले. दुकानात मोटार बांधताना वायंडिंगच्या तारेचे आटे मोजायला चुकलो. असं होत नाही कधी.

जावयाला फोन केला. तो म्हणाला, आईले समजावतो. आवाज बारीक होता.

८ फेब्रु., रवि.
आज प्रणालीनं स्वतःहून लिंबूपाणी मागितलं. गोळी माझ्यासमोर तोंडात टाकली, जरा घोळवली, गिळली. "पाहा बाबा," म्हणून जीभ काढून दाखवली. लालबुंद. जिवाला बरं वाटलं.
मग तिनं पाण्याचा एक घोट घेतला. गोळीवरच्या रंगाची ती लाली धुऊन गेली; खालची जीभ पांढरीच.