परका म्हणून टाकलेला तुकडा

गाबोरोनी,
३ एप्रिल

प्रिय म्बाको,

तू धडधाकट असशील, घरची सगळी मजेत असतील आणि तुतुमेला बेताचा का होईना पाऊस झाला असेल, असं धरून चालते. फोन तू उचलत नाहीस, मग विचारणार कुणाला? हे पत्र फ्रान्सिसटाउनच्या बसवाल्याकडे देतेय, तो पुढे तुझ्या दुकानात पोचवेल. फाडायचं असेल तर आधी वाच आणि मग फाड.

माझं झकास चाललंय. वजन वाढलंय, हे तू म्हणायच्या आत मीच सांगून टाकते. बोकानी नर्स झाली. तुझी भाची इंजेक्शन देते आणि पेशंट ओरडला की त्यालाच रागावते. माझ्यावर गेलीय, दुसरं काय!

यंदा माशोंजा कशा आहेत? इथल्या बाजारात मिळतात त्या अळ्या नुसत्या वाळूने भरलेल्या. मोपानेच्या झाडाखाली बसायचं, अळी चिमटीत धरून आतला हिरवा चोथा पिळून काढायचा, मग मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात घालायची, एवढं साधं काम लोकांना धड जमत नाही. तुलाही जमायचं नाही म्हणा. तू पिळायचास आणि सगळं माझ्या फ्रॉकवर उडायचं.

तू बाबांना विचारायचास ना, "ताई त्या अळ्या खायच्या सोडून बघत काय बसते?" ऐक तर. या अळ्यांचा पुढे पतंग होतो, आणि त्या पतंगाच्या पेशीपेशीत त्याचं आनुवंशिक द्रव्य, म्हणजे डीएनए, असतं, लांबच लांब साखळीसारखं. त्यात काही तुकडे असे असतात की एका जागी बूड टेकवत नाहीत. स्वतःची नक्कल काढायची आणि भलतीकडेच जाऊन बसायचं. काही तर मुळात त्या पतंगाचे नसतातच, बाहेरून आलेले असतात. बरेचसे नुसते बसून असतात, काही नासधूस करतात, आणि एखादा असा मुरतो की त्याच्यावाचून चालत नाही. फुलपाखरं न् पतंग घडत आले त्यात या भटक्यांचा हात मोठा आहे. मी तेच शोधत बसते.

गेल्या वर्षी आम्ही आपल्या पतंगाची अख्खी साखळी जुळवायला घेतली. माझी विद्यार्थिनी दिनेओ एके दिवशी म्हणाली, "बाई, यात एक तुकडा गांधीलमाशीचा निघाला. नमुन्यात माशीची तंगडी पडली असणार. काढून टाकला." मी म्हटलं, "छान केलंस." आमच्या कामाची रीतच आहे तशी. परकं दिसलं की घाण समजायचं आणि साफ करायचं.

झालं! साखळी एका ठिकाणी तुटली ती तुटलीच. काही केल्या दोन टोकं एकमेकांना भेटेनात. दिनेओ रडकुंडीला आली, माझंही डोकं फिरलं. शेवटी म्हटलं, जेवढं टाकलंय तेवढं परत आण. आणला तो माशीचा तुकडा, मध्ये ठेवला, आणि अरे, दोन्ही टोकं त्याला चिकटली की! दिनेओ ओरडलीच, "बाई, हा बाहेरून पडलेला नाही, हा इथलाच आहे!" मग माऊनचे पतंग तपासले, तुतुमेचे तपासले. सगळ्यांत तो, त्याच जागी.

पाठीवर तांदळाएवढे पांढरे कोश चिकटलेल्या अळ्या बाबा टोपलीतून काढून फेकायचे, आठवतं? बारक्या गांधीलमाशीने डंख करून पोटात अंडी घातलेल्या त्या. बहुधा फार फार पूर्वी अशीच एक अळी डंख होऊनही जगली. माशीचं थोडं काहीतरी तिच्यात राहिलं, तिच्या पोरांत उतरलं, त्यांच्या पोरांत उतरलं. तो तुकडा काय काम करतो ते अजून कळलेलं नाही. पण तो काढला की साखळी जुळत नाही, एवढं मी शपथेवर सांगते.

आता तू म्हणशील, ताई टोमणा मारतेय. मारतेयच.

आईने मला दोन वर्षांची कडेवर घेऊन बाबांच्या अंगणात पाय ठेवला. तू नंतर जन्मलास. बाबांनी मला कधी सावत्र म्हटलं नाही, आणि तूही नाहीस, बाबांना पुरलं त्या दिवसापर्यंत. खड्ड्यापाशी तू म्हणालास, "बाबांची मुलं माती द्यायला पुढे या." मी मूठभर माती घेऊन पुढे झाले, आणि तू हात आडवा घातलास. सगळ्या गावासमोर. ती माती मी बसमध्ये बसेपर्यंत मुठीत धरून होते. फार लागलं रे मला ते, म्बाको. अजून लागतं.

बरं. आता खरं कशासाठी लिहितेय ते. बोकानीचं लग्न ठरतंय. मुलगा ओटेंग, सेरोवेचा, शांत आहे, तिच्यापुढे शांतच असलेला बरा. मेच्या पहिल्या शनिवारी त्याच्याकडची मोठी माणसं पहाटे बोलणी करायला येणार. मुलीचा मामा समोर बसलेला नसेल तर बोलणी सुरूच होत नाहीत, हे तुला मी सांगायला नको. शेजारचे मोलेफीकाका म्हणाले, "मी बसतो की मामा म्हणून, टाय पण आहे माझ्याकडे." बोकानीने साफ सांगितलं, "मामा आला नाही तर पाहुण्यांना परत पाठवा." पोरगी बोलेल तसंच करते. आणि मलाही उसना मामा नको.

तुझी खुर्ची मांडलेली असेल. दुसऱ्या कुणाला बसू देणार नाही. पाहुणे उठून गेले तरी.

तुझी कोण ते तूच ठरव,
लुबोना


तुतुमे,
१६ एप्रिल

ताई,

अळ्यांचं पत्र पोचलं. निम्मं डोक्यावरून गेलं. ज्या निम्म्यासाठी लिहिलंस ते कळलं.

त्या मोलेफीला सांग, टाय घडी करून कपाटात ठेव.

गाबोरोनीला मी येणार नाही. तिथे फ्लॅटमध्ये कसली बोलणी? म्हाताऱ्या माणसांना सोफ्यावर बसवणार काय? ओटेंगच्या लोकांना म्हणावं, तुतुमेला या. बोलणी बाबांच्या अंगणात होतील. मुलगी कुणाची म्हणून विचारलं तर मी सांगेन, आमच्या बाबांची, हबांगानाची नात. मोठे काका कुरकुर करतील. करू देत. त्या दिवशी त्यांनी डोळे वटारले आणि माझा हात वर गेला. त्यांना घाबरलो मी. हात मात्र माझाच होता, ताई. फोन वाजला की तुझं नाव दिसायचं, आणि उचलून बोलायचं काय, म्हणून वाजू द्यायचो.

माशोंजा यंदा उदंड आहेत. एक पोतं तुझ्यासाठी वाळवून ठेवलंय. पिळायला मला अजून येत नाही, बायकोने पिळल्या.

तू शुक्रवारीच ये. बाबांवरची माती उन्हाने दगडासारखी झालीय, मी कडेने थोडी खणून मोकळी करून ठेवतो. आधी तू माती दे. मग पाहुणे.

वाट बघतोय,
तुझा भाऊ,
म्बाको