हातांच्या साठ जोड्या

२० नोव्हेंबर २०२३

काल दुपारी हावड्याला उतरलो. टॅक्सीत बसताच शौनकने विचारलं, "तुला चहा गरम लागते की कोमट?" मी हसतच सुटले. नवरा बालीगंजमध्ये जन्मला, वाढला, त्यामुळे त्याचं मराठी ऐकण्यासारखं आहे. चहा ‘ती’, भाकरी ‘तो’. चौतिसाव्या वर्षी लग्न करून मी मिरजेहून इतक्या लांब आले ते याच्या या गोड चुकांवर भाळून, असं मैत्रिणी म्हणतात. म्हणोत.

वर घर, खाली कारखाना. माझे सासरे, श्यामकांत आप्पा, बँकेच्या बदलीवर इथे आले. रविवारी कुमारटुलीच्या मूर्तिकारांकडे माती मळायला बसू लागले आणि शेवटी नोकरी सोडून याच कामात पडले. सिनेमांसाठी राक्षस, पिशाच्चं, तुटकी मुंडकी. शिवाय त्याच जनावरांच्या मोजक्या प्रती, देशोदेशीचे हौशी लोक काचेच्या कपाटात ठेवतात त्या. मी अकरा वर्षं शाळेत पोरांना भेंडी कापून ठसे उमटवायला शिकवलं. शिल्पकलेची पदविका तशीच पडून होती. खाली ओल्या मातीचा वास आला आणि वाटलं, आता कुठे आयुष्य सुरू होतंय.

सासूबाई, प्रेमलता, बोलत नाहीत. घशाचं ऑपरेशन बिघडलं, हे लग्न ठरतानाच सांगितलं होतं. तोंडावर कायम पदर, जेवणही स्वतःच्या खोलीत. नमस्काराला वाकले तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत.

२९ नोव्हेंबर

रोज दहाला खाली जाते. निमाईदा पंचवीस-तीस वर्षं इथे साचे काढतात. मला बौदी, म्हणजे वहिनी म्हणतात, माझ्या बंगालीला हसतात, पण मातीवरचा माझा हात बघून त्यांनी आप्पांना हाक मारली.

कपाटात सगळ्यांत वर दलदलीतली बाई आहे, आ वासलेली. हिच्या शंभर प्रती जगभर गेल्या, हिच्यावर हे घर उभं राहिलं, म्हणून आप्पा तिला आमची अन्नपूर्णा म्हणतात. ओठांवरच्या बारीक चिरासुद्धा खऱ्या. इतकं जिवंत तोंड मातीत करता येतं? मी निमाईदांना विचारलं. त्यांना अचानक चहा आठवला.

६ डिसेंबर

आज माझ्या हातांचा साचा घेतला. हिंदी सिनेमात एक जनावर आहे, अंगभर खवले आणि हात मात्र बाईचे. हौशी लोकांनी त्या हातांच्या साठ जोड्या मागवल्यात. आप्पांनी विचारलं नाही, सांगितलं. मलाही कौतुकच वाटलं. दाताचे डॉक्टर वापरतात तसली गुलाबी पेस्ट, गार, मऊ. कोपरापर्यंत हात त्यात.

पेस्ट घट्ट होत होती तेवढ्यात आई, म्हणजे सासूबाई, जिन्यावरून धावत खाली आल्या. दारात उभं राहून पातेल्यावर पळी आपटायला लागल्या. शौनक त्यांना दंडाला धरून वर घेऊन गेला. रसायनांचा वास आईला सोसत नाही, म्हणाला. निमाईदा तोवर बाहेर निघून गेले होते.

१५ डिसेंबर

पहिली जोडी साच्यातून निघाली. सिलिकॉनची, आत तारेचा सांगाडा, म्हणजे बोटं वळवून हवी तशी ठेवता येतात. अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा उमटलाय. त्याच दुपारी माझी उजवी करंगळी बधिर झाली. थंडीने असेल.

२८ डिसेंबर

थंडीने नाही.

उजव्या हातातून कप पडतात. परवा तव्याला बोटं टेकली आणि जळका वास आला तेव्हा मला कळलं. नसांच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, नसा उत्तम आहेत म्हणाले, नवीन घरात मन रमतंय का विचारलं. शौनकने माझ्या वतीने हो म्हटलं. मीच समोर बसले होते!

आज ही वही चाळली. ज्या ज्या दिवशी साच्यातून जोडी निघाली, त्या त्या दिवशी माझं काहीतरी गेलं. करंगळी, तिच्या शेजारचं बोट, तळव्याची कड. खाली जाऊन निमाईदांना दारातच अडवलं. ते रडायला लागले. म्हणाले, ऑपरेशन-बिपरेशन काही झालेलं नाही. मांचं, म्हणजे आईंचं, तोंड. अन्नपूर्णेसाठी मांच्या तोंडाचा साचा घेतला होता, जबडा फाकवून. पहिल्या दहा-बारा प्रती काढेपर्यंत निमाईदांना माहीत नव्हतं. नंतर कळलं.

नंतर किती काढल्यात, मी विचारलं.

बाकी सगळ्या.

त्यांच्या रडण्याची मला किळस आली.

२९ डिसेंबर

जेवताना ताट सरकवून सगळं विचारलं. आप्पांनी आमटी-भात संपवला, मग बोलले. आवाज जरासुद्धा चढला नाही.

"मिरजेला काय करत होते हे हात? खडू धरत होते. आता साठ घरांत काचेमागे राहतील, लोक डोळे भरून बघतील. कलावंताला आणखी काय हवं?"

"मला विचारलंत?"

"घरच्या माणसाला काय विचारायचं?"

शौनकला म्हटलं, तुला माहीत होतं? त्याने भात कालवला. मग म्हणाला, "आप्पांचा मर्जी होता. मी काय करणार होतो?"

आप्पांचा मर्जी. याच भाषेवर मी भाळले होते. डाव्या हाताने पाण्याचा तांब्या फेकला. नेम चुकला.

४ जानेवारी

डाव्या हाताने लिहितेय. उजवा मनगटापर्यंत गेला.

माहेरी जाऊन काय होणार? साचा इथे आहे. लोखंडी कपाटात, किल्ली आप्पांच्या कमरेला.

आज आईंच्या खोलीत घुसले आणि ओरडले त्यांच्यावर. बोलता येत नाही, पण हात धड आहेत ना? लिहायचं होतंत! एक ओळ! त्यांनी पदर खाली केला. पहिल्यांदाच बघितलं ते तोंड. ओठ आहेत, दात आहेत, सगळं लोंबतंय, कुणी चालवत नसल्यासारखं. कॅलेंडरचं पान उलटं करून त्यांनी लिहिलं: लिहिलं होतं. लग्नाआधी. तुझ्या बाबांना.

फोन लावला. बाबा आधी आठवत नाही म्हणाले. मग म्हणाले, आलं होतं एक पत्र, पण बाईच्या डोक्यावर परिणाम झालेला दिसला. आणि तुझं वय, आणि स्थळ इतकं चांगलं. म्हटलं, उगाच कशाला तुझ्या डोक्यात किडा सोडायचा.

फोन भिंतीवर फोडला.

११ जानेवारी

आप्पा आणि शौनक टालीगंजला शूटिंगच्या ठिकाणी गेले होते. वाळत ठेवलेली एक जोडी उचलली. निमाईदा बघत होते, त्यांनी अडवलं नाही. बोटं कापायची ठरवून पातं लावलं—

माझी किंकाळी गल्लीत ऐकू गेली. समोरच्या मिठाईवाल्याचा माणूस धावत आला.

बोट सिलिकॉनचं कापलं. माझं नाही. माझ्या हाताला ओरखडासुद्धा नाही. कळ मात्र सगळी मला. म्हणजे संवेदना मेलेली नाही, तिकडे गेलीय. म्हणजे मी स्वतः मोडतोडही करू शकत नाही. काय बंदोबस्त केलाय थेरड्याने!

२० जानेवारी

गेल्या आठवड्यात चाळीस जोड्या परदेशी रवाना झाल्या. खोक्यात होत्या तोवर थर्माकोल टोचत होता, चाळीस ठिकाणी.

आता खोकी उघडताहेत.

कुणी तळव्यावर अंगठा फिरवतं, पुन्हा पुन्हा. कुणी नखं मोजतं. कुणी ओल्या फडक्याने पुसतं. एक जण काचेचं कपाट उघडून बोटं तोंडात घेतो. मी जेवत असते, केस विंचरत असते, तेव्हा. हात धुवायला जाते. कोणते धुवू?

आईंना विचारलं, तुम्हालाही? त्यांनी लिहिलं: धूळ. शंभर घरांची. चव जात नाही.

एवढी वर्षं.

३१ जानेवारी

प्रत्येक जोडीचं शेवटचं रंगकाम आप्पा स्वतः करतात. शिरा, लव, नखांची मुळं. हात मांडीवर घेऊन. मला कुंचला कळतो. श्वास कळतो.

आज इतकी चीड आली की वर बसल्याबसल्या, माझी बोटं हलत नसतानाही, मूठ आवळली. मनातल्या मनात. खालून आप्पांची हाक आली, बोट चिमटलं, तार सैल बसलीय, निमाई लक्ष कुठे आहे.

संध्याकाळी शौनक मेल वाचून दाखवत होता, खुशीत. तीन देशांतून एकच तक्रार, नव्हे कौतुक. हात उघडे मांडले होते, मिटलेले सापडले. ही खास करामत आहे का?

तो आप्पांना विचारत होता, काय उत्तर देऊ? मी आईंकडे बघितलं. आई माझ्याकडेच बघत होत्या.

७ फेब्रुवारी

डाव्याचीही दोन बोटं गेली. आज छप्पन्न झाल्या.

शौनक रडला. माफ कर म्हणाला. साचा फोडून टाक म्हटलं तर म्हणाला, ऑर्डर पूर्ण होऊ दे. मग आपण न्यू टाउनला फ्लॅट घेऊ, वेगळे राहू. मला भरवणार म्हणे, रोज, स्वतःच्या हाताने.

तो अजून काहीतरी बोलत होता. मी रक्त येईपर्यंत स्वतःची जीभ चावली.

दुपारी आईंनी मागून येऊन माझ्या कपाळाला हात लावला. त्यांचे हात गरम आहेत. मग लिहिलं: पुढच्या जनावराचे डोळे. आप्पा म्हणाले. सुनेचे डोळे पाणीदार आहेत.

१४ फेब्रुवारी

सरस्वतीपूजा. आज इथे लेखणीला हात लावत नाहीत. लावतेय. डाव्याची तीन बोटं उरलीत. गल्लीत माइक, पिवळ्या साड्या, खिचडीचा वास. निमाईदा सुट्टीवर. शौनक मांडवात.

आप्पा खाली. साठावी जोडी. उजवा हात.

कुंचला मधल्या बोटावर. भिंग लावून वाकलेत, श्वास मनगटावर. मफलरचं टोक तळव्यात आलंय.

आई दार लावून माझ्यामागे उभ्या.

धरलं.

लोकर. टोक ओढत वर गेले, लोकरीखाली गळा. कातडी सैल, आत धडधड. खुर्ची पडली, मला इथे ऐकू आली. तो ओढतोय. ओढ. तारेचा सांगाडा आहे माझ्यात, तूच घातलास. खडू धरणारे हात ना—

सोडणार नाही.

पण सगळे मिटताहेत. सगळे साठ. बाकीच्या मुठींत हवा, काच, फडकं. एकीत एक मिशीवाला, बोंबलू दे त्याला. आणि

एकीत काहीतरी मऊ आहे. गरम. फार बारीक. गळाच आहे. दोऱ्याएवढ्या नसा. कुणीतरी मूल कपाटात डोकं घालून—

धडपडतंय. कुठे आहे ते, कोणत्या देशात, हाक कुणाला मारू—

खाली आप्पा अजून हलतोय. थोडंच राहिलंय. आत्ता सोडलं तर तो उठेल. उठेल आणि माझे डोळे

एकच मूठ सोडता येत नाही. सोडायला हवं. आईंना सांगितलं, मूल आहे, सोडतेय. त्यांनी दोन्ही हातांनी माझे खांदे दाबले. मान हलवून नाही म्हणतायत. नाही, नाही. मोठ्याने म्हटलं, आई, मूल आहे हो! त्या रडतायत आणि नाही म्हणतायत

धडपड कमी होतेय. कुणाची ते कळत ना

मी बोटं