कुंकवाच्या डबीतला दात

चोपडे, ११ फेब्रुवारी २०२५

चि. सुविधा हिला मावशीचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. पण मी फोनवर बोलले की सगळ्या घराला ऐकू जातं, आणि हे सुनेच्या, सिद्धीच्या, कानी नको. तुमच्या डिचोलीला ट्रक नेणाऱ्या सगुणकडे देते. पाकीट शितानं चिकटवलंय, त्यानं फोडलं तर तुला कळेल.

तू नर्स म्हणून विचारते. खरं सांग, गोल गोल नको. सिद्धीला सातवा लागलाय. गेल्या आठवड्यात लघवीला जळजळ, मग ताप. पेडण्याच्या डॉक्टरणीनं सात दिवसांच्या कॅप्सुली दिल्या. मी विचारलं, हे पोटातल्या पोराला जातं की नाही. ती कॉम्प्युटरकडे बघून म्हणाली, काळजी करू नका आजी. मी अजून आजी झालेली नाही, आणि विचारलं त्याचं हे उत्तर नव्हे.

तिसऱ्या दिवशी ताप गेला, तरी ही गिळतच होती. साईशला बोलले तर माझा पोर मलाच विचारतो, आई तू कितवी शिकलीस. चौथी शिकले. डोळे आहेत मला.

कुणाला सांगितलं नाही ते आता सांगते. साईश पोटात होता तेव्हा मलाही असाच ताप. गावात एक कंपाउंडर यायचा, त्यानं पिवळ्या कॅप्सुली दिल्या. महिनाभर घेतल्या. पोराला दात आले ते तपकिरी, गंजक्या खिळ्यासारखे. सासूनं गावभर केलं, हिनं ग्रहण पाळलं नाही, चोरून चिंच खाल्ली. पुढे दुसरे दात पांढरे आले आणि लोक विसरले. पडलेला दुधाचा दात कौलावर फेकतात. मी एक ठेवला, कुंकवाच्या डबीत. पुडी बांधून पाठवते. तो बघ, आणि मग सांग की औषध जात नाही.

सिद्धीच्या कॅप्सुली परवापासून तांदळाच्या पिंपात आहेत. डॉक्टरणीचा फोन आला, बंद करा म्हणाली, असं मी सिद्धीला खोटंच सांगितलं. तिनं लगेच खरं मानलं, ते जरा टोचलं. नाव इंग्रजीत आहे म्हणून पट्टीचा कोपरा कापून पाकिटात घातलाय.

तूही त्यांच्यातलीच. पण आधी माझ्या बहिणीची पोर आहेस. माया पातळ करू नकोस.

तुझी कमलाक्षी मावशी


डिचोली, १३ फेब्रुवारी

ती. मावशीस सुविधाचा सा. न. वि. वि.

काल तीनदा फोन केला, तू तिन्ही वेळा कापलास. म्हणून आज सगुणला थांबवून लिहिते.

दात बघितला. मावशी, तुझं खरं आहे. औषध जातं. पोटात बाळाला पोसणारी वार म्हणजे भिंत नव्हे. तुमच्या खाडीकाठच्या खाजन शेताच्या बांधावर पाणी आत-बाहेर सोडणारं मानशीचं दार आहे ना, तसं समज. काही औषधं त्यातून भरपूर जातात, काही थोडी. म्हणून कुठलं औषध जातंय आणि आत जाऊन काय करतंय, हे बघावं लागतं. तुझ्या पिवळ्या कॅप्सुली बहुतेक बाळाच्या हाडादातांत जाऊन बसणाऱ्या जातीच्या होत्या. त्या आता गरोदर बाईला देत नाहीत. ग्रहणाचा आणि चिंचेचा काही संबंध नाही. चूक कंपाउंडरची, तुझी नव्हे.

सिद्धीचं औषध पेनिसिलीनच्या जातीचं. तेही बाळाकडे जातं, पण कितीतरी वर्षं गरोदर बायांना देतात आणि बाळांना तसा अपाय दिसलेला नाही. हे त्या डॉक्टरणीनं तुला सांगायला हवं होतं.

पण ताप गेला म्हणजे जंतू गेले असं नाही. उरलेले मूत्रपिंडात चढले तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होतील. सिद्धीला घेऊन आजच डॉक्टरणीकडे जा आणि किती दिवस चुकले ते सांग. मनानं पुन्हा सुरू करू नका. उद्या दुपारपर्यंत तुझा फोन आला नाही तर मी साईशला सगळं सांगणार. मग खुशाल रुसून बस.

शिव्या दे, पण फोन उचल. आणि भाची म्हणून जवळ ठेव.

सुविधा


चोपडे, २१ फेब्रुवारी

चि. सुविधाला आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच सांगितलं. तुझं पत्र आलं त्या सकाळीच सिद्धीला हुडहुडी भरली, कंबर धरून बसली. मी पिंपात खांद्यापर्यंत हात घातला. पट्टी घेऊन पेडण्याला गेलो आणि भरल्या दवाखान्यात सांगितलं, मी लपवली. डॉक्टरणीनं म्हापशाच्या इस्पितळात धाडलं. तिथं चार दिवस सुया. पोराचे ठोके मशीनवर ऐकवले, घोडा धावावा तसे. परवा घरी आणली. तिथून दिलेल्या कॅप्सुली मीच घड्याळ बघून देते.

साईशनं तीन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. बरं केलं. सिद्धीला कंपाउंडरपासून सगळं सांगितलं. मला वाटलं, माहेरी जाईल. ती एवढंच म्हणाली, की खोटं बोलायच्या आधी हे सांगितलं असतं तर आपण दोघी मिळून डॉक्टरणीला धरलं असतं.

काल दोघी गेलो. मी परत तेच विचारलं, जातं का. या खेपेला तिनं खुर्ची वळवली आणि हो, जातं म्हणाली, मग अर्धा तास समजावलं. आजी म्हणाली नाही.

दात परत पाठव. आता फेकून टाकते म्हटलं. घरावर स्लॅब आलाय, पण गोठ्यावर कौलं आहेत. तर सिद्धी नको म्हणते. बाळाचा पहिला दात येऊ दे, शेजारी ठेवून रंग बघू आणि मगच फेकू. मी म्हटलं, म्हणजे तुलाही संशय. ती म्हणाली, तुमच्याच घरात लागला.

म्हणून डबी पुन्हा त्या दातासाठी रिकामी करून ठेवलीय. पुडी सगुणकडे देऊ नकोस, स्वतः घेऊन ये. राग असेल तोही घेऊन ये, इथं जेवता जेवता काढ.

तुझी मावशी