पाठवणीचा रविवार

सेक्टर ४४, चंदीगड
१५ सप्टेंबर २०२५

ती. विनयाताईस,
नरेंद्रचा सा. सलाम वि. वि.

फोनवर आपल्याला दहा मिनिटं मिळतात आणि ती तू कसा आहेस, मी बरी आहे, यातच संपतात. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतो आहे. शनिवारी दाजी सामान आणायला शहरात जातील तेव्हा तुला मिळेल.

माझी तब्येत ठीक आहे. निवृत्तीनंतरही इन्स्टिट्यूटची माणसं जुनं यंत्र बिघडलं की फोन करतात, मीही जातो. दुपार निघून जाते.

लिहायचं कारण वेगळं आहे. देवयानीने अर्ज भरला आहे, तुमच्याच मलावीच्या मिशन केंद्रासाठी. हेरंबचे सेवेच्या अठरा महिन्यांतले अकरा राहिले, भावाचे ते मी पुरे करणार, असं म्हणते. मोहालीच्या कंपनीने बिनपगारी रजा दिली नाही, तर राजीनामा देऊन आली.

वय कितीही असो, अर्जावर पालकाची सही लागते. तिने जेवणाच्या टेबलावर कागद ठेवला, पेनही ठेवलं. मी सही केली. का केली ते विचारू नकोस. भाजी गार होत होती.

ताई, तिथली तरुण मुलं तुमच्या दोघांच्या हाताखाली असतात. कोणाला घ्यायचं हे तुम्हाला विचारूनच ठरतं, असं हेरंबने एकदा लिहिलं होतं. तू तिला नाही म्हण. जागा नाही म्हण, लहानपणी तिला दमा होता तो सांग. काहीही सांग. पोरांची आई, चित्रा, जाऊन सहा वर्षं झाली, हेरंबला जाऊन सात महिने. मला आता घरात एक तरी माणूस हवं आहे. हे मी तिला सांगू शकत नाही, तुला सांगतो आहे.

दाजींना सलाम. मनात ठेवतेस तसाच ठेव.
तुझा,
नरेंद्र

•

मलावी
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

चि. नरेंद्र यास,
ताईचे आशीर्वाद आणि आम्हा दोघांचा सलाम.

तुझं पत्र शहरातल्या दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. दुकानदारीणबाईंनी न विचारता पाणी आणून दिलं, त्यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समज.

आधी इथलं सांगते. पोरं बरी आहेत. फेब्रुवारीनंतर दोघं घरी गेली, राहिली पाच. आम्हा दोघांना ती अगोगो म्हणतात, म्हणजे आजी-आजोबा. तुझ्या दाजींना ब्राझीलच्या पोरीने फुटबॉलच्या गोलात उभं केलं. सदुसष्टाव्या वर्षी गुडघे फोडून आले आणि मला म्हणतात, एक तरी अडवला ना. इथे मक्याची उकड रोज असते. संगमनेरला असताना ताटात दोन भाज्या लागायच्या या माणसाला, आता हाताने गोळे करून खातात आणि वर मागतात.

आता तुझं. आम्ही नाही म्हटलं तर संस्था अर्ज फेटाळत नाही, जागा बदलते. देवयानीला मोझांबिकला नाहीतर आणखी कुठे पाठवतील, जिथे आपलं कोणी नाही. ते तुला चालेल का? थांबवायचं असेल तर एकाच माणसाला थांबवता येईल, आणि ते तू आहेस. सही केलीस तरी काय झालं? सही मागे घेता येते.

आणखी एक. तू सात महिन्यांत मला एकदाही विचारलं नाहीस. मी पस्तीस वर्षं नर्स होते, नरेंद्र. पहिल्या दिवशी हेरंबचं अंग तापलं तेव्हा दमणूक म्हटलं. दुसऱ्या दिवशी गोळी दिली. तिसऱ्या दिवशी गाडी काढली आणि दवाखाना पाच तासांवर. तिथे मलेरिया डोक्यात गेला म्हणाले. विमानाचे कागद जमेनात म्हणून इथेच मातीत ठेवलं, तेही तुला फोनवर विचारून, आणि तू हो म्हणालास. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. हे लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की तिला माझ्या हाती देताना डोळे उघडे ठेवून दे.

जेवत जा. डब्यावर राहू नकोस.
तुझी,
विनयाताई

•

चंदीगड
२४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. सलाम.

तू गोळीचं लिहिलंस. मी कधी विचारलं नाही कारण उत्तर काहीही आलं असतं तरी मला त्याचं काय करायचं ते कळलं नसतं. तुझ्या जागी मी असतो तर मीही गोळीच दिली असती. पहिले काही दिवस मात्र मला असं वाटत नव्हतं. तू आता खरं लिहिलंस, म्हणून मीही लिहिलं.

तू म्हणतेस तिला सांग. दोनदा प्रयत्न केला. एकदा अपनी मंडीतून भाजी घेऊन येताना गाडीत. लाल दिव्याला थांबलो होतो, म्हटलं आता बोलू. तिने विचारलं, पप्पा, कोथिंबीर राहिली का. दिवा हिरवा झाला.

खरं कारण कोथिंबीर नाही. हेरंब निघाला तेव्हा चर्चमध्ये पाठवणीची प्रार्थना झाली, ती तुला माहीत आहे. पास्टरजी विचारतात, मुलाला आनंदाने पाठवता का, आणि बाप डोक्यावर हात ठेवून मोठ्याने सांगतो की आनंदाने पाठवतो. मी सांगितलं होतं. मला खरंच आनंद झाला होता, ताई. नवा शर्ट घातला होता. आता हिला नको म्हटलं तर त्याला हो म्हटलं ती चूक होती, असं मीच चारचौघांत सांगितल्यासारखं होईल. मग तो कशासाठी गेला? तेवढं एक मला धरून ठेवायचं आहे.

देवयानीची पाठवणी १२ ऑक्टोबरच्या रविवारी ठरली आहे. त्याच जागी उभं राहून तेच शब्द म्हणायचे आहेत.

मी हे लिहिलं ते तिला कळू देऊ नकोस. दाजींच्या गुडघ्याला तेल लाव. आठवण असू दे.
नरेंद्र

•

चंदीगड
२ ऑक्टोबर

प्रिय आत्या,
सलाम. तुला आणि शिशिरकाकांना.

आज सुट्टी आहे, पप्पा झोपलेत, म्हणून लिहितेय. मराठी लिहायची सवय गेलीय, मध्येमध्ये हिंदी येईल, रागावू नको. ऑफिसमध्ये माझा नोटीस पीरियड चालू आहे. सगळे विचारतात, मलावी क्यों यार, कॅनडा जा. मी हसते.

आत्या, तुला एक सांगायचंय, फक्त तुला. मला जायचंय हे खरं आहे. हेरंबला जिथे ठेवलंय तिथे एकदा बसायचंय, हे पण खरं आहे. पण अकरा महिने पप्पांना एकटं टाकून जायचंय, असं नाही. मी फॉर्म टेबलावर ठेवला तेव्हा मला पक्कं वाटलं होतं की ते चिडतील. पेन फेकतील. हेरंब गेल्यापासून ते एकदाही चिडले नाहीत, रडले नाहीत. सकाळी उठतात, चहा करतात, माझा डबा भरतात, गाडी पुसतात. मला वाटलं, निदान माझ्यासाठी तरी नको म्हणतील. त्यांनी चष्मा लावला, नीट वाचलं आणि सही केली. तारीखसुद्धा घातली.

तेव्हा मला कळलं, त्यांना मी गेले तरी चालणार आहे. असं कसं असेल, पण तसंच दिसलं. शेजारच्या मिसेस गिल आंटी पण म्हणाल्या, तुझे पापा किती स्ट्राँग आहेत जी. मला स्ट्राँग पप्पा नकोत.

आत्या, त्यांनी एकदा, फक्त एकदा जाऊ नको म्हटलं तर मी थांबेन. जानेवारीत दोघं मिळून पंधरा दिवस तुझ्याकडे येऊ आणि परत जाऊ. पण मी स्वतःहून कॅन्सल करणार नाही. ते त्यांनीच म्हणायला हवं. नाहीतर मी त्यांच्यावर दया केल्यासारखं होईल आणि त्यांना ते कळेल, आपल्या घरात असलं लगेच कळतं.

हे पत्र त्यांना दाखवू नको. प्रॉमिस कर.
तुझी लाडकी, आळशी भाची,
देवयानी

•

मलावी
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

चि. नरेंद्र,
आशीर्वाद.

आज इकडचं तिकडचं काही लिहीत नाही. देवयानीने मला पत्र लिहिलं. तुला दाखवू नकोस म्हणाली. मी दाखवत नाही, पण सांगते आहे, देव मला क्षमा करो. माझ्याकडून आधी एकदा उशीर झाला आहे, पुन्हा होऊ द्यायचा नाही.

ती तुझ्या एका शब्दासाठी थांबली आहे. तू नको म्हणालास तर ती राहणार आहे. तू सही केलीस म्हणून तिला वाटतं की ती गेली तरी तुला चालेल.

हेरंबला हो म्हटलंस ते चूक नव्हतं. हे मी सांगते आहे, जिच्या हातात तो गेला ती. त्याला हो म्हणणं बरोबर होतं आणि हिला नको म्हणणंही बरोबर आहे. दोन मुलं आहेत, दोन उत्तरं असू शकतात. यांनाही विचारलं, ते म्हणाले, नरूला सांग, देवाला हिशेब देताना मी त्याच्या बाजूने उभा राहीन.

पाठवणीच्या रविवारच्या आत बोल. स्वयंपाकघरात बोल, गाडीत बोल, कुठेही. चिठ्ठी लिहून तिच्या डब्यात ठेवलीस तरी चालेल. पण बोल.

वाट पाहते.
तुझी ताई

•

चंदीगड
१३ ऑक्टोबर २०२५

ती. विनयाताईस,
सा. सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं होतं. ते छापून आणलं, आठवडाभर शर्टाच्या खिशात होतं. सोमवारी तिला ऑफिसात उशीर झाला. बुधवारी मी सुरुवात केली तर तिला फोन आला. बाकीच्या दिवसांना काही कारण नाही.

काल पाठवणी झाली. चर्च भरलं होतं. पास्टरजींनी पहिल्या रांगेतून मला पुढे बोलावलं. देवयानी गुडघे टेकून बसली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पास्टरजींनी विचारलं, भाई साहब, क्या आप बेटी को खुशी से भेजते हैं. मी ठरवून गेलो होतो. हिंदीत नहीं म्हणायचं, एकच शब्द. तोंड उघडलं, पण आवाज आला नाही. हो सुद्धा आलं नाही. हात मात्र मी उचलला नाही. मला वाटलं, हाताने तरी कळेल. मी तिला दाबून धरलं होतं, ताई, तिची मान खाली गेली इतकं.

पास्टरजींनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले की बाप का दिल भर आया है, आणि त्यांनी माझ्या वतीने आमेन म्हटलं. मग सगळ्यांनी म्हटलं. मागच्या बाकांवरून रडण्याचे आवाज आले. नंतर बायका हात जोडून सांगून गेल्या, ब्रदर जी, आप धन्य हैं, दोनों बच्चे दे दिए. मी जी म्हणत राहिलो.

घरी आल्यावर देवयानी भांडी घासत होती. पाठमोरीच म्हणाली की पप्पा, तुम्ही काही बोलला नाहीत. मी म्हणालो, गळा दाटून आला होता. तिने नळ बंद केला आणि तशीच उभी राहिली. हात ओले होते, तरी पुसले नाहीत. ती कशासाठी थांबली आहे हे मला कळत होतं, तू लिहिलं होतंस म्हणून कळत होतं. बराच वेळ थांबली. घड्याळ माझ्या समोरच होतं.

मग मी विचारलं, विमानात किती किलो चालतात. तेवीस, ती म्हणाली, आणि तिने नळ पुन्हा सुरू केला. मी माळ्यावरची मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली आणि तिच्या खोलीच्या दाराशी ठेवून आलो.

तीन नोव्हेंबरला दिल्लीहून विमान आहे. तुम्ही दोघं घ्यायला या.

दाजींना सलाम. तुझी माया आहे ती आता मला आणि तिला, दोघांना पुरव.
नरेंद्र