आचलच्या गाडीची चाकं

आरमोरी, १२ जानेवारी

ती. धुरपताआत्यास,
सा. न. वि. वि.

इथी वसतिगृहात सगळं बरं आहे, फक्त तुझी भाची रडून राह्यली. शाळेत लाकडी गाड्यांची शर्यत आहे. गाडी उतारावरून सोडायची, ढकलायची नाई. मी आन् माझी मैत्रीण रुपालीनं मिळून सागाची केली, आसाच्या जागी खिळे लावले. चाकं घासत होती म्हणून तू दिलेलं मोहाच्या टोळीचं, म्हंजे बियांचं, तेल मी आसात भरलं. दुपारी भन्नाट पळाली! सकाळच्या थंडीत तेल तुपावानी गोठलं, आन् चाचणीत सगळ्यांसमोर गाडी उतारावर उभीच. पोरी खदाखदा हसल्या. “मले विचारल्याबिगर हात काऊन लावला?” म्हणून रुपाली भांडली. गाडी मलेच देऊन आता ती दुसरी करून राह्यली. जेवतानाही दूर बसते. मले घरी घेऊन जा.

रागावली तरी माया आटू देऊ नको.

तुझी,
आचल

पोंभुर्णा, १७ जानेवारी

चि. आचल,
अ. उ. आ.

ते तेल तुझ्या फुटलेल्या टाचांसाठी होतं बाई. गाडीच्याही टाचा फुटल्या होत्या का? घरी येतेस त ये, तळ्यावर जाळं ओढाले माणूस कमीच हाये. पण मासोळ्याही हसतील, तयारी ठेव.

चाक कुठी घासते ते मले इथून दिसत नाई, तूच नीट पाय. रुपालीचा राग मात्र इथूनही दिसते. गाडी दोघींची होती ना? मंग चुकलं म्हणाले तोंड काऊन दुखते? तरीबी जमलं नाई त कळव, मी न्यायले येतो.

पोटभर जेव, आत्यावर लोभ ठेव.

तुझी आत्या,
धुरपता

आरमोरी, २७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खिळ्यांवर बारीक खरखरीत रेघा होत्या. पॉलिश पेपरनं त्या घासल्या, तेल पुसलं, पेन्सिलीच्या शिशाची पूड भरली. आता टिचकी मारली की चाक फिरतच राह्यते. रुपालीजवळ जाऊन चुकलं म्हटलं. तिनं आपली नवी गाडी माझ्यापुढं सरकवली. तिचीही चाकं घासत होती! मंग दोघींनी बसून तिचेही खिळे घासले.

शर्यतीत माझी गाडी वाकडी होऊन थेट सरांच्या चपलेत घुसली. रुपालीची पहिली आली. तिनं सरांले सांगितलं, चाकं आचलनं मोकळी केली, दोघींचं नाव घ्या. बक्षीस एकच कंपासपेटी. कर्कटक तिच्याकडं, पट्टी माझ्याकडं. म्हणून गणिताच्या तासाले आता एकाच बाकावर बसावं लागते.

न्यायले येऊ नको. नुसती भेटाले आलीस त माझा लोभ दुप्पट.

तुझी,
आचल