ही खरेदी तुम्हीच केलीत का?

ता. १९, रविवार

चि. ढब्बूस,

आशीर्वाद आहेतच, वर एक गालगुच्चाही घे. आता तू साहेबीण झालीस, चारचौघांत ढब्बू म्हटलेलं तुला खपत नाही. पण हे पत्र तुझ्या ऑफिसात कोणी वाचणार नाही, तेव्हा मी हात धुऊन घेते.

आई बरी आहे. म्हणजे कुरकुरते आहे, त्यावरून बरी आहे असं धरायचं. मीठ बंद केलंय, तर माझ्या ताटातली भाजी पळवते. मागच्या दाराची कडी शेजारच्या सुताराने बसवून दिली. पैसे घेईना, म्हणून त्याच्या शर्टांची तुटलेली बटणं लावून दिली.

परवा फोनवर तू सांगितलंस की माझ्या चोराची गोष्ट तू सगळ्या ऑफिसला ऐकवलीस आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आता माझ्या खात्याला आणखी एक कुलूप घालणार आहेस म्हणे. मी नेहमीसारखं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर मला हे सांगता येणार नाही. तू बोलायला लागलीस की मी ऐकत बसते, ही माझी जुनी खोड.

आधी कारखान्याचं सांगते. मालकाने काजाचं मशीन आणलंय. आजवर आमचे शर्ट काजं करायला बाहेर जायचे आणि तो बाहेरचा माणूस चार-चार दिवस रखडवायचा. आता कापड सुईखाली सरकवायचं, पायाने पट्टी दाबायची. सुई काजाच्या दोन्ही कडा शिवते आणि शेवटी छोटी सुरी खाली येऊन मधोमध चीर पाडते. त्या मशीनवर मला बसवलंय. पहिल्याच दिवशी माझा हात बसलेला बघून मालकाने विचारलं, "बाई, हे तुला कुठून येतं?" म्हटलं, येतं.

दुकानात जाऊन जाऊन शिकले होते गं. जुन्या मशीनच्या दुकानात. कारण ते मशीन मी घेणार होते.

तीन शिंप्यांनी मला काजांचं काम द्यायचं कबूल केलं होतं. आईच्या खोलीतली ट्रंक हलवून मी खिडकीखाली जागा केली होती. आईला सगळं माहीत होतं, आणि कधी नव्हे ते तिने पोटात ठेवलं. तुला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तू सुट्टीला येशील, दार उघडशील आणि समोर मशीन दिसेल. एवढीच हौस होती.

त्या आनंदात मी मालकालाही सांगून बसले. नोकरी सोडते म्हणाले. कुठलं दुकान, केवढ्याला मिळतंय, सगळं बोलले. आपल्या तोंडाला कधी कुलूप नाही.

दुकानात कार्ड दिलं, तर चालेना. पुन्हा घातलं, पुन्हा तेच. दुकानदाराने कॉम्प्युटरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कार्ड कोणाचं आहे, बाई?"

"माझंच."

"मग तुमची बँक नाही का म्हणतेय?"

मागे उभी असलेली दोन माणसं बोलायची थांबली. मी कार्ड पदराआड लपवलं, जणू खरंच चोरलं होतं. तशीच घरी आले.

आणि संध्याकाळी तुझा फोन. माझ्या खात्याला नंबर तुझाच जोडलेला ना. "ताई, चोर पकडला! बँकेने मला विचारलं, ही खरेदी तुम्हीच केलीत का? शिलाई मशीन, आणि केवढ्याचं! मी म्हटलं, माझी ताई? जी चपलेचा अंगठा पुन्हा पुन्हा शिवून घेते? दाबलं 'नाही'!" काय हसलीस तू! मीही हसले. मग हसू थांबवलंस. म्हणालीस, "माझ्या फिया, माझे कपडे, सगळं तू केलंस. आज पहिल्यांदा माझ्या हातून तुझ्यासाठी काहीतरी झालं."

त्यावर मी काय बोलणार होते, सांग. म्हटलं, "बरं झालं गं, तू होतीस."

ढब्बू, तू पकडलास तो चोर मी होते.

दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. तिथली मुलगी गोड बोलली. "मावशी, खात्याला जो नंबर जोडलाय, त्यावरूनच 'नाही' आलंय. त्यांनीच चूक झाली असं कळवलं तर लगेच सुटेल, नाहीतर नवीन कार्ड मागवावं लागेल." म्हटलं, मी समोर उभी आहे ना? म्हणाली, "हो, पण सिस्टीमला तुम्ही दिसत नाही." बाहेर पायऱ्यांवर येऊन तुझा नंबर काढला. बोट ठेवलं आणि काढून घेतलं. तुझं ते "आज पहिल्यांदा" कानात होतं. दुकानदाराला विनवलं, नवीन कार्ड येईपर्यंत थांबा. तो म्हणाला, चोरीचं कार्ड म्हणून तुमच्या नावाला आमच्या कॉम्प्युटरवर लाल खूण झालीय, आता रोख आणलीत तरी नको. त्याच आठवड्यात मालकाने तेच मशीन उचललं. मला परत ठेवून घेतलं, पण पगार कमी करून. सोडून जाणाऱ्या बाईचा भरवसा नाही म्हणे.

मला तुझा राग आला. खूप आला, अजून आहे. बँकेला मी चोर वाटले, दुकानदाराला वाटले, ते परके. पण ताईलाही कधी काही हवं असेल, हे तुझ्या मनात एकदाही येऊ नये? मग वाटतं, येणार कुठून? इतक्या वर्षांत मी कधी काही मागितलेलं तू पाहिलंच नाहीस. तू खोटं नाही बोललीस. तेच जास्त लागतं.

पैसे आहेत तिथे सुखरूप आहेत. आईच्या औषधांत हळूहळू संपतील. दुसरं मशीन बघ असं तू म्हणशील, पण आता ते शिंपी मालकाकडेच काजं करायला देतात. त्यांचेही शर्ट माझ्याच सुईखालून जातात. खिडकीखालच्या जागेत आई दुपारी पाय पसरून बसते आणि मधूनच विचारते, "ते कधी येणार गं?" मी मीठ वाढते तिला थोडं.

कुलूप खुशाल घाल. फक्त पुन्हा कोणी तुला विचारलं, की हे तुमच्या ताईनेच का, तर उत्तर द्यायच्या आधी मला एक फोन कर. मी बहुतेक 'नाही'च म्हणेन आता. पण विचार.

हे पत्र मात्र मीच लिहिलंय,

ताई