रापणीतलं इंटरनेट

५ ऑक्टोबर २००४
वही आणून महिना झाला, आज पहिलं पान. उशीर पेनामुळे. कॉलेज सुटलं, गोव्यातल्या चार नोकऱ्या सुटल्या, आता मी संशोधक आहे. पुण्याच्या संचिता मॅडम पीएचडी करतायत: किनाऱ्यावरची माणसं इंटरनेट वापरतात का. आपल्या वाडीतले चाळीस फॉर्म दिवाळीच्या आत भरून पाठवायचे. काम पसंत पडलं तर पुण्यात असिस्टंट. नाही तर मामाचा ट्रॉलर. मामाने माझ्यासाठी गमबूट आणून ठेवलेत.

६ ऑक्टोबर
रोज चार फॉर्म. दहा दिवसांत खेळ खलास.

१९ ऑक्टोबर
फॉर्म शून्य. पण मालवणात बाळाच्या सायबर कॅफेत विषयाची पार्श्वभूमी तयार केली. नऊ दिवस. पत्त्यांचा गेम आता पूर्ण समजलाय. आई म्हणते, बूट घालून तरी बघ.

१ नोव्हेंबर, सकाळी
किनाऱ्यावर रापण ओढत होते. चाळीस माणसं, एक जाळं. म्होरके गंगारामकाका म्हणाले, आधी दोराला हात लाव. हात लावला की वाटा, मग पाहुणा का असेना. सात बांगडे मिळाले. मग फॉर्म काढले. काकांच्या पुतण्याने, प्रितेशने, जूनमध्ये सायबरात दहावीचा निकाल बघितला होता. बाकी कोणी काही नाही. काका म्हणाले, "एकान बघितला म्हणजे सगळ्यांनी बघितला. रापण एक, वाटो सगळ्यांक."
मुद्दा शास्त्रीय वाटला. चाळीस 'होय'. किती वेळा? तो निकाल रोज निघतो बोलण्यात, म्हणून 'रोज'. तासाभरात काम फत्ते.

४ नोव्हेंबर
फॉर्म कुरियरने गेले. आईला सांगितलं, बूट परत कर.

९ नोव्हेंबर
मॅडमची मेल आली. शंभर टक्के वापर, असा आकडा त्यांना कुठेच मिळाला नाही म्हणे. 'विलक्षण' असा शब्द आहे. एवढं वाचलं आणि सायबरातली लाइट गेली. खालचं राहिलं. महत्त्वाचं वरच असतं. बॅग भरली.

११ नोव्हेंबर, दुपारी ३
दुकानदाराने बूट परत घेतले नाहीत. ते मांडीवर घेऊन मामा ओट्यावर बसलाय. मागच्या दाराला खाडी. मी आत, बॅगेवर.

३.२०
गंगारामकाका खिडकीशी आले. म्हणाले, "झिला, तुझी पुण्याची बाई इली हा. तिका दोर धरूक दिलो. इचारता, इंटरनेट खंय आसा. आमी सगळ्यांनी सांगलाव, तुझ्याकडे आसा."